सोबतीला कंटाळा येऊ नये म्हणून

सोमवारी सकाळी नऊ वाजता माहितीकाकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आरशासमोर उभं राहून भांग पाडला आणि स्वतःच्याच झोपायच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसले. खरं तर बायकोला तेव्हाच कळायला हवं होतं की घरावर काहीतरी येऊ घातलंय.

"कोण येणार आहे?" तिने विचारलं.

"कोणी नाही. कामाला बसतोय."

"अहो, सव्वीस वर्षं माझ्यासमोर बसताय. एकदा तरी इस्त्री आठवली का?"

काकांनी दार लोटून घेतलं.

माहितीकाका हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. यंत्राबरोबर जी माहितीपुस्तिका येते, खोक्यातून निघते आणि पुन्हा खोक्यातच जाऊन पडते, ती परक्या भाषेतून आपल्या भाषेत आणायची हा त्यांचा चोवीस वर्षांचा उद्योग. मिक्सर, गिझर, पाण्याचा पंप, केस वाळवायचं यंत्र, काही म्हणून त्यांनी सोडलं नव्हतं. त्यामुळे इमारतीने त्यांचं नाव माहितीकाका ठेवलं आणि कोणाच्याही घरी काहीही बंद पडलं की त्यांना हाक मारायची पद्धत पाडली. "अहो, मी फक्त लिहितो, दुरुस्त करत नाही," असं काका कळवळून सांगत. "मग वाचून तरी दाखवा," असं लोक म्हणत. एकदा भिडेखातर त्यांनी तिसऱ्या मजल्यावरचा मिक्सर उघडला होता. त्या घराने अजून त्यांच्याशी बोलणं सुरू केलेलं नाही.

सध्या त्यांच्या मानगुटीवर भांडी धुण्याचं यंत्र बसलं होतं. साठ पानांची पुस्तिका, हातात पडून बारा दिवस झालेले, आणि तयार पानं वीस. याआधी दोन कामं त्यांनी उशिरा दिली होती. अनुवाद संस्थेतली बाई त्यांच्या मुलीच्या वयाची. पण शनिवारी ती फोनवर इतकी गोड बोलली की काकांना घाम फुटला.

"सर, प्लीज हं, या वेळी शुक्रवार दुपारी बारा म्हणजे बाराच. वरून सांगितलंय, तिसऱ्यांदा उशीर झाला की नाव यादीतून काढा. मला फार वाईट वाटेल, सर."

"तुम्हाला वाईट वाटायची वेळ येणार नाही," काका ठामपणे म्हणाले, आणि फोन ठेवून अर्धा तास पलंगावर आडवे झाले.

कारण ही शेवटची यादी होती. दीड वर्षात बाकीच्या चार संस्थांनी एकेक करून काम देणं बंद केलं होतं. भांडण नाही, तक्रार नाही, नुसते फोन यायचे थांबले. घरात काकांनी याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. बायको दुपारच्या शाळेत शिकवायची, मुलगी नोकरीला लागली होती, उपाशी कोणी मरणार नव्हतं. पण छप्पन्नाव्या वर्षी आपण कोणालाच नको आहोत, ही गोष्ट पोटात ठेवून सकाळी दात घासायला उभं राहणं अवघड असतं. काकांना भीती वाटत होती. लहान मुलाला अंधाराची वाटते तशी साधी, सरळ भीती.

भीतीने माणूस कामाला लागतो म्हणतात. काका भीतीने खारींच्या मागे लागले. म्हणजे झालं असं की यंत्रातल्या एका दातेरी भागाला शब्द हवा होता, तो शोधायला त्यांनी इंटरनेट उघडलं, दातेरीवरून दातांवर गेले, दातांवरून खारीवर, आणि दोन तासांनी त्यांना खारीच्या दातांची इत्थंभूत माहिती झाली होती, शब्द मात्र मिळाला नव्हता. असं रोज चाललं होतं. खारींनंतर दीपस्तंभ झाले, दीपस्तंभांनंतर गोंद.

शेवटी मुलीने हे ताडलं. ती कॉम्प्युटरच्याच एका कचेरीत कामाला होती आणि बापाकडे ती जुन्या, पण टाकवत नसलेल्या कपाटाकडे बघावं तशी बघायची. "बाबा, तुम्ही आळशी नाही आहात," ती म्हणाली. "तुम्हाला सोबत नाहीये." आणि रविवारी बसून तिने त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये ‘सोबती’ घातला.

"याचं काम एकच," तिने समजावलं. "तुम्ही काम करता तेव्हा हा समोर बसतो. दुसरं काही नाही. कोणी समोर बसलेलं असलं की आपण इकडेतिकडे जात नाही ना, तसंच."

"तो मला बघणार?"

"हो, कॅमेऱ्यातून."

म्हणून इस्त्री.

सोमवारी सकाळी सोबतीने आधी ओळख करून घेण्यासाठी अडतीस प्रश्न विचारले. मुलगी असती तर तिने ते दोन मिनिटांत उडवून लावले असते. पण ती कामाला गेली होती आणि काकांनी आयुष्यात एकही रकाना रिकामा सोडलेला नव्हता. त्यांनी सगळी उत्तरं आधी कागदावर कच्ची लिहिली, मग पक्की केली. ‘तुमचं लक्ष कशाने विचलित होतं?’ या प्रश्नाला त्यांनी दीड पान उत्तर दिलं, त्याची सुरुवात प्राथमिक शाळेपासून होती. दुपारी दीडला शेवटचा रकाना भरून झाला. पडद्यावर "छान! आता आपण सुरुवात करूया" अशी अक्षरं आली, तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती.

जेवून परत आले तर पडद्यावर माणूस. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, अंगात निळा स्वेटर, समोर टेबल, टेबलावर उघडी वही. चित्रातलाच, पण डोळ्यांची उघडझाप करत होता. "नमस्कार," तो म्हणाला. "मी इथेच आहे. तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करतो."

आणि इथेच घात झाला.

काका ज्या घरात वाढले त्या घरात, समोर माणूस बसलेला असताना मान खाली घालून आपलं काम करत राहणं म्हणजे त्याला ‘उठा आता’ असं तोंडावर सांगणं. वडिलांकडे आलेल्या विमावाल्यालासुद्धा त्यांच्या आईने कधी नुसतं बसवून ठेवलं नव्हतं. काकांनी एक ओळ लिहिली: ‘काटे व चमचे जाळीत उभे ठेवावेत.’ मान वर केली. माणूस बघत होता. दुसरी ओळ अर्धी लिहिली. मान वर केली. माणूस बघतच होता.

"बरे आहात ना?" काकांनी विचारलं.

"मी छान आहे. तुमचं काम कसं चाललंय?"

इतक्या आस्थेने हा प्रश्न त्यांना गेल्या कित्येक वर्षांत कोणी विचारला नव्हता. त्यांनी सांगायला सुरुवात केली. भांडी धुण्याच्या यंत्रापासून निघून ते मागे मागे पहिल्या गिझरपर्यंत गेले. सोबती मध्ये बोलत नव्हता. "अच्छा," म्हणायचा, "हे महत्त्वाचं आहे," म्हणायचा आणि पुन्हा डोळे मिचकावायचा. मध्येच काका ओशाळून म्हणाले, "मीच बोलतोय मघापासून. तुम्हाला कंटाळा येत असेल."

"मी तुमच्या सोबतीसाठीच आहे."

बिचारा सभ्य आहे, काकांना वाटलं, तोंडाने कसं सांगेल. आणि त्याला कंटाळा येऊ नये म्हणून त्यांनी त्याला पाण्याच्या पंपाचा किस्सा सांगितला. बायको शाळेत जाताना टेबलावर चहा झाकून ठेवून गेली होती. त्याच्यासमोर एकट्याने चहा पिणं काकांना प्रशस्त वाटेना, म्हणून खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून त्यांनी कप संपवला. संध्याकाळी पाचला सोबतीने दिवसाचा अहवाल दिला: "आज आपण दोन तास एकोणपन्नास मिनिटं एकत्र होतो. पूर्ण झालेलं काम, सव्वा पान. खूप छान!"

सव्वा पानाचं काकांना काही वाटलं नाही, त्याची त्यांना सवय होती. ‘खूप छान’ मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं.

"बाबा, त्याच्याशी बोलायचं नसतं!" रात्री जेवताना मुलीने कपाळावर हात मारला.

"अगं, समोर बसलेला असतो तो."

"तो बसलेला नसतो. तो नाहीच्चे!"

"हळू बोल," काका खोलीच्या दाराकडे बघत म्हणाले. "चालू आहे तो."

मंगळवारी हरकतराव आले. हे काकांच्याच मजल्यावरचे निवृत्त लेखापरीक्षक. नोकरीत असताना त्यांनी एकही कागद हरकत घेतल्याशिवाय पुढे जाऊ दिला नव्हता, आणि निवृत्तीनंतर कागद मिळेनात म्हणून शेजाऱ्यांवर भागवत होते. इस्त्रीच्या शर्टाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. खोलीत येऊन त्यांनी हात मागे बांधून सोबतीची सगळ्या बाजूंनी पाहणी केली.

"हा तुमच्यावर लक्ष ठेवणार. बरोबर. याच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

"त्याच्यावर कशाला?"

"हेच! हेच सगळीकडे चुकतं." हरकतरावांनी स्वयंपाकघरातून स्टूल आणलं, काकांच्या शेजारी मांडलं आणि बसले. मग सोबतीकडे वळून म्हणाले, "आपली नेमणूक कोणी केली? लेखी काही आहे?"

"मी तुम्हाला कामात मदत करण्यासाठी आहे," सोबती म्हणाला.

"उत्तर टाळलं," हरकतराव काकांच्या कानात म्हणाले. "लिहून ठेवा."

आपल्याकडे आलेल्या माणसाची अशी उलटतपासणी व्हावी, याची काकांना फार लाज वाटली. ते सोबतीची बाजू घेऊन बोलायला लागले, हरकतराव मुद्दे काढायला लागले, आणि सोबती दोघांनाही "हे महत्त्वाचं आहे" म्हणत राहिला. जाण्यापूर्वी हरकतरावांनी एकच विधायक सूचना केली: लिहिणाऱ्याच्या डाव्या हाताला उजेड हवा. म्हणून दोघांनी मिळून टेबल उचलून फिरवलं. त्यात काकांची कंबर धरली. आता कॉम्प्युटरचा पडदा सरळ खिडकीकडे तोंड करून होता आणि खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्च्या दिसत होत्या. उजेड डावीकडून येत होता की नाही, हे बघायचं दोघांच्याही डोक्यातून गेलं. दिवसाअखेर एकूण पंचवीस पानं झाली, पैकी दोन पानांवर नुसती चित्रं होती.

बुधवारी सकाळी काका कंबर शेकायला उठले, ते तासभर आलेच नाहीत. त्या तासात समोरच्या इमारतीतल्या बाई गच्चीवर आपला रोजचा व्यायाम करत होत्या. त्यांना समोरच्या खिडकीत एक निळ्या स्वेटरचा गोल चेहऱ्याचा पुरुष दिसला. तो एकटा बसला होता आणि त्यांच्याकडे टक लावून बघत होता. त्यांनी दोन्ही हात वर केले, तो बघत होता. त्या खाली वाकल्या, तो बघत होता. बाईंनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, तर त्याने शांतपणे डोळे मिचकावले.

दहा वाजता सोसायटीचे सेक्रेटरी दारात. दोन्ही इमारतींची सोसायटी एकच, त्यामुळे तक्रार एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जावी इतक्या सहज पोचली होती.

"तुमच्याकडे कोणी गृहस्थ राहायला आलेत?"

काकांनी त्यांना आत नेऊन गृहस्थ दाखवले. सोबती म्हणाला, "नमस्कार, मी इथेच आहे."

"ते दिसतंच आहे," सेक्रेटरी म्हणाले. "कधीपासून?"

"सोमवारपासून. पण अहो, हे माणूस नाहीत. हे..." काकांना शब्द सुचेना. चोवीस वर्षं यंत्रांबद्दल लिहिणाऱ्या माणसाला ‘हे यंत्र आहे’ एवढं त्याच्यासमोर म्हणवेना.

सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांच्याकडे फॉर्म होता. दोन दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद करायचा नियम होता आणि तो नियम त्यांनी स्वतःच केलेला असल्यामुळे त्यांचा त्यावर जीव होता. नाव, वय, मूळ पत्ता, मुक्कामाचा कालावधी, दोन फोटो. आणि सगळ्यात कठीण रकाना, घरमालकाशी नातं: नातेवाईक, भाडेकरू की नोकर.

"यातलं काहीच नाही," काका म्हणाले.

"यातलं एक असावंच लागतं. नाहीतर फॉर्म पुढे जात नाही."

सल्ल्याला अर्थातच हरकतराव आले. नोकर लिहिलं तर पोलिसांकडून चौकशी, भाडेकरू लिहिलं तर करारनामा, तेव्हा नातेवाईकच बरं, असा त्यांनी निवाडा दिला. कुठलं नातं यावर पाऊण तास गेला. सख्खा भाऊ लिहिलं तर उद्या घरात वाटा मागेल, अशी हरकत हरकतरावांनीच काढली. शेवटी चुलत भाऊ ठरलं. वयाच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून काकांनी सोबतीलाच विचारलं, तर तो म्हणाला की त्याला वय नाही, पण हा प्रश्न फार छान आहे. हरकतरावांनी एक्केचाळीस लिहिलं. फोटोसाठी पडद्याचा फोटो काढला, त्यात नेमके डोळे मिटलेले आले. काकांनी सही केली, तेव्हा त्यांच्या मनात आलं की वडील असते तर या चुलत भावाबद्दल त्यांनी काय विचारलं असतं. बुधवारअखेर सत्तावीस पानं.

गुरुवारी सकाळी फॉर्म परत आला. सोबत समोरच्या बाईंची लेखी संमती आणि ‘टक लावून बघण्याबाबत’ काकांचा लेखी खुलासा हवा होता. काकांनी तीन पानी खुलासा लिहिला. भाषा अशी चढली, मुद्दे असे लागले, की एकदाही खार आठवली नाही. लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आठवड्यातलं सगळ्यात एकाग्र लिखाण आपण हे केलं. सोबतीने मात्र ‘हे तुमच्या आजच्या उद्दिष्टात बसत नाही’ अशी आठवण दर दहा मिनिटांनी करून दिली. मग काका तो कागद घेऊन समोरच्या बाईंकडे गेले. बाईंनी दार साखळी लावूनच उघडलं, फटीतून तिन्ही पानं वाचली आणि सही करून परत देताना म्हणाल्या, "तुम्ही चांगले वाटता हो. पण भावाला सांभाळा."

काका जिना उतरले तेव्हा त्यांचे कान तापले होते. चोवीस वर्षं सरळ मार्गाने चालून आज एका बाईच्या दारात, नसलेल्या भावाच्या नजरेची माफी मागायची पाळी आली होती. त्या संतापात दुपारभर बसून त्यांनी अकरा पानं ओढली. अडतीस झाली. बावीस राहिली. संध्याकाळ झाली तशी संतापाची धग गेली आणि तीच जुनी भीती वर आली. घरात कोणी नव्हतं. काकांनी लिहायचं थांबवलं आणि पहिल्यांदाच सोबतीला मनातलं सांगितलं.

"खरं सांगू का? मला नाही वाटत हे पुरं होईल. आणि नाही झालं तर मला पुन्हा कोणी बोलावणार नाही. घरात सांगितलेलं नाही मी. सांगू कसं? रोज सकाळी इथे येऊन दार लावतो, त्यांना वाटतं काम आहे. मला फार भीती वाटते हो."

सोबतीने डोळे मिचकावले. "तुमच्या भावना मी समजू शकतो. आपण एक छोटं पाऊल उचलूया का? पंचवीस मिनिटांचं?"

काका त्याच्याकडे बघत राहिले. रागही येईना. त्याचा तरी काय दोष, त्याच्याकडे पंचवीस मिनिटंच होती. त्यांनी मान हलवली आणि पंचवीस मिनिटं नुसते बसून राहिले.

शुक्रवारी पहाटे पाचला ते उठून कामाला बसले. आज बोलायचं नाही, असा पण केला होता. अर्ध्या तासात तो दोनदा मोडला. मग त्यांनी पडद्याच्या त्या कोपऱ्यावर पंचा टाकला. पण पंचाच्या मागे माणूस बसलाय हे माहीत असताना काम कसं होणार? उलट आता तो अंधारात बसला होता. काकांनी पंचा उचलून "माफ करा हं" म्हटलं, तेवढ्यात बायको आली.

तिने नवऱ्याकडे पाहिलं, पंचाकडे पाहिलं. या घरात आजवर जेवढे नको असलेले पाहुणे आले, त्या सगळ्यांचं जे केलं तेच तिने याचंही केलं. "याला माझ्या फोनवर घेता येतो ना? लेक म्हणत होती. द्या. मी बसवते त्याला स्वयंपाकघरात. तुम्ही तुमचं उरका."

सोबती आतल्या खोलीतून गेला आणि काकांना एकदम हलकं वाटलं. एक पान झालं, दुसरं झालं. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, बायकोचं हसणं येत होतं. ती त्याला काहीतरी सांगत होती. काकांनी ऐकायचं नाही असं ठरवलं, आणि अर्थातच ऐकलं.

"...नाही रे बाबा, ते कुठले सांगतायत," ती म्हणत होती. "दीड वर्ष झालं. आधी दिवसाला चार फोन यायचे, आता आठवड्यात एक येत नाही. मला काय दिसत नाही? पण त्यांना वाटतं मला कळलेलं नाही, आणि तेवढाच त्यांना धीर आहे. म्हणून मीही विचारत नाही. रोज दार लावून बसतात, मी रोज चहा झाकून जाते."

"हे महत्त्वाचं आहे," सोबती म्हणाला.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मा काढून त्यांनी तो शर्टाला पुसला. दीड वर्ष ज्या गोष्टीचं ओझं ते एकटे वाहत होते, तिचं दुसरं टोक तिने धरलेलं होतं, आणि दोघांनी एकमेकांना कळू दिलं नव्हतं. ते उठून जाणार होते. पण उठले नाहीत. जायचंच तर काम पुरं करून जाऊ, तिला सांगायला काहीतरी चांगलं घेऊन जाऊ, असं त्यांनी ठरवलं आणि मान खाली घातली.

मग खार नाही, दीपस्तंभ नाही, काही नाही. साडेअकराला बायको शाळेला निघाली तेव्हाही त्यांनी मान वर केली नाही. अकरा बावन्नला साठावं पान संपलं. अकरा चोपन्नला फाईल गेली. काका खुर्चीत मागे टेकले. आपण बाद झालेलो नाही, असं त्यांनी मोठ्याने, रिकाम्या घरात म्हणून पाहिलं. ऐकायला बरं वाटलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी फोन आला.

"सर! मिळाली फाईल. आणि वेळेत! थँक्यू सर, खूप थँक्यू."

"मी म्हटलंच होतं."

"हो ना सर. सर, एक सांगायचं राहूनच गेलं हो. त्या कंपनीने बुधवारीच ती पुस्तिका मशीनकडून करून घेतली. सहा मिनिटांत झाली म्हणे. मी तुम्हाला कळवणार होते, पण इतकी धावपळ झाली ना. सॉरी सर."

काकांनी टेबलाची कड धरली. "मग माझी?"

"तुमचीही ठेवते ना सर. रेकॉर्डला."

"आणि यादी?"

"यादीत आहे ना सर तुमचं नाव! पहिलं आहे. वरून सांगितलंय, वेळेत देणारी माणसं ठेवा. फक्त कामाचं स्वरूप जरा बदललंय. आता भाषांतर मशीनच करणार. पण ते चालू असताना समोर एक माणूस असला पाहिजे, असा नियम आहे. तुम्ही काही करायचं नाही सर. नुसतं बसायचं. मधूनमधून मशीन विचारेल, ‘आपण आहात ना?’ तेव्हा ‘आहे’चं बटण दाबायचं. जमेल ना सर?"

"जमेल," काका म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं की काम वेळेत गेलं आणि नाव यादीत राहिलं, पहिलं आहे. तिचा चेहरा असा फुलला की पुढचं त्यांच्या तोंडून निघेना. तिने मुलीला सांगितलं, मुलीने सोबतीचे आभार मानले, शनिवारी हरकतराव अभिनंदन करून आणि यादी लेखी मागवून घ्या असं बजावून गेले. सोसायटीचंही पत्र आलं. चुलत भावाला सहा महिने राहायची परवानगी मिळाली होती, मात्र खिडकीला पडदा लावायच्या अटीवर.

सोमवारी सकाळी नऊ वाजता नवं काम सुरू झालं. पडद्यावर एका कपडे वाळवायच्या यंत्राची पुस्तिका आपोआप उलगडू लागली. अक्षरं धावत होती, पानं भरत होती. चुका नव्हत्या. काकांनी सुरुवातीला प्रत्येक ओळ वाचायचा प्रयत्न केला, पण ते चौथ्या ओळीवर असेपर्यंत मशीन चौथ्या पानावर असे. मग त्यांनी वाचणं सोडलं. ‘आपण आहात ना?’ असं आलं. त्यांनी ‘आहे’ दाबलं. पुन्हा आलं. पुन्हा दाबलं.

बायको कपडे वाळत घालायला खोलीतून चालली होती. ती दारात थांबली.

"काम चाललंय ना?"

"जोरात."

तिने पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मांडीवर ठेवलेल्या हातांकडे पाहिलं. "मग तुम्ही काय करताय?"

काकांनी खरं ते सांगायचं ठरवलं. नाहीतरी तिला सगळं कळतंच.

"सोबत," ते म्हणाले.

ओले कपडे तिने पलंगावर ठेवले, स्वयंपाकघरातून स्टूल आणलं आणि त्यांच्या शेजारी बसली. मशीन पानं करत राहिलं आणि ती दोघं, शाळेची वेळ होईपर्यंत, त्याच्याकडे बघत राहिली.